सहजगुण आणि आगंतुक गुण : आत्मस्वीकार व आत्मविकास यांच्या संदर्भात काही मराठी कृतींचे पुनर्वाचन

गेल्या दोन-तीन दशकांत महाविद्यालयीन शिक्षणात 'व्यक्तिमत्त्व विकास' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्याच्या अर्थाची चिकित्सा करण्याची गरज कुणाला भासत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांपासून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शन वर्गांपर्यंत विद्यार्थ्याला पुष्कळदा एकाच दिवशी दोन उपदेश ऐकावे लागतात. सकाळच्या सत्रातील वक्ता सांगतो की, तुम्ही जसे आहात तसे स्वतःला स्वीकारा. दुपारच्या सत्रातील वक्ता सांगतो की, बोलायला शिका, चारचौघांत वावरायला शिका, स्वतःला बदला. टाळ्या दोघांनाही मिळतात. या दोन उपदेशांतील ताण विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही असे नाही. परंतु उभे राहून तो विचारण्यासाठी जे सामाजिक कौशल्य लागते, नेमके तेच त्याच्यापाशी नसते.

हा प्रश्न प्रथमदर्शनी मानसशास्त्राच्या प्रांतातला वाटतो. तथापि मराठी वाङ्मयाने तो फार पूर्वीपासून आणि फार वेगवेगळ्या पातळ्यांवरून हाताळला आहे, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे. येथे 'दासबोधा'तील एक समास, गोरोबाकाका व नामदेव यांची परंपरेने चालत आलेली कथा, भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी आणि 'बलुतं', 'उचल्या' व 'अक्करमाशी' ही तीन आत्मकथने यांचा या एकाच अंगाने विचार केला आहे. निवड सर्वसमावेशक नाही. आपल्या भागातील वर्गात या कृती शिकवताना जे प्रश्न पडले, त्यांतून ती झाली आहे, एवढेच.

'दासबोधा'च्या चौदाव्या दशकातील सहावा समास 'चातुर्यलक्षण' या नावाचा आहे. समर्थ रामदास (१६०८–१६८१) तेथे आरंभीच एक भेद करतात. रूप आणि लावण्य अभ्यासाने मिळवता येत नाही. जे जन्मतःच लाभले आहे त्यावर उपाय चालत नाही. म्हणून माणसाने आगंतुक, म्हणजे बाहेरून येऊ शकणाऱ्या गुणांची कास धरावी, असा त्यांचा सांगावा आहे. सहजगुण पालटत नाहीत, अवगुण सोडता येतात, शहाणपण शिकता येते, असा या समासाचा ओघ आहे. पुढे त्यांनी लोकांशी वागण्याचे नियम सांगितले आहेत. आपण जसे बोलू तसे उत्तर येते, दुसऱ्याचे वर्म काढले तर त्याचे मन भंगते, लोकांना राजी राखले तर कार्ये चालीस लागतात, इत्यादी. आज ज्याला आपण सामाजिक कौशल्ये म्हणतो त्यांचे इतके स्पष्ट विवेचन सतराव्या शतकातील मराठीत आहे, ही गोष्ट आपले व्यक्तिमत्त्व विकासाचे प्रशिक्षक क्वचितच लक्षात घेतात. दुसऱ्या दशकातील 'मूर्खलक्षण' व 'उत्तमलक्षण' हे समास तेवढे त्यांच्या व्याख्यानांत येतात, तेही बहुधा विनोदापुरते.

रामदासांचा भेद व्यवहारात अत्यंत उपयुक्त आहे हे मान्य केलेच पाहिजे. स्वीकार कशाचा करायचा आणि अभ्यास कशाचा, याची एक रेघ ते ओढून देतात. जे बदलणार नाही त्याचा शोक नको आणि जे बदलू शकते त्याबाबत आळस नको. वरवर पाहता आपल्या दोन वक्त्यांमधला तंटा येथेच मिटतो. परंतु समास सावकाश वाचला म्हणजे अडचण लक्षात येते. न पालटणाऱ्या सहजगुणांच्या यादीत त्यांनी अंधत्व, बधिरत्व, पंगुत्व यांच्या शेजारी काळा वर्णही बसवला आहे, आणि या साऱ्याला कुरूपतेची लक्षणे असे एकत्र नाव दिले आहे. काळा माणूस गोरा होत नाही, हे विधान खरेच आहे. मात्र काळे असणे ही उणीव आहे हा त्यातील गृहीत भाग निसर्गाने सांगितलेला नाही, समाजाने ठरवला आहे. स्वीकाराच्या उपदेशात अशी एखादी निंदा बेमालूम मिसळलेली असू शकते. तुझ्यात हे वैगुण्य आहे, पण हरकत नाही, तू ते स्वीकार, असे सांगताना वैगुण्य ठरवणारा प्रश्नाच्या बाहेरच राहतो. (रामदासांनी अशक्य म्हणून सोडून दिलेली गोष्ट बाजारपेठेने मात्र शक्य म्हणून विकली. १९७५ पासून भारतात विकले जाणारे 'फेअर अँड लव्हली' हे मलम २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाले. नाव बदलले, आरशासमोर उभ्या असलेल्या मुलीचा प्रश्न बदलला असेल असे वाटत नाही.)

रेघ ओढणे सोपे, ती कुठे ओढायची हे ठरवणे कठीण, असा हा पेच आहे. तो आपल्या जिल्ह्यातील एका कथेत अधिक नेमकेपणाने दिसतो.

तेर येथील संत गोरोबाकाका कुंभार यांची कथा धाराशिव जिल्ह्यात सांगावी लागत नाही. महिपतीच्या 'भक्तविजया'ने ती महाराष्ट्रभर पोचवली. संतमेळा जमलेला असताना मुक्ताबाईने गोरोबांचे थापटणे पाहून हे कशासाठी असते असे विचारले. मडकी पक्की की कच्ची हे पारखण्यासाठी, असे उत्तर मिळाल्यावर येथे बसलेली मडकीही पारखून पाहा, असे तिने सुचवले. गोरोबांनी प्रत्येक संताच्या डोक्यावर थापटणे मारले. बाकीचे निमूट बसले. नामदेव मात्र रागावले. आणि हे मडके कच्चे, असा निर्वाळा मिळाला. अपमानित नामदेव पंढरीला विठ्ठलाकडे गेले आणि त्याच्या सांगण्यावरून औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे जाऊन त्यांनी गुरूपदेश घेतला.

या कथेचा रूढ अर्थ अहंकारनाशाचा आहे आणि कीर्तनकार तो उत्तम रीतीने मांडतात. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तीन गोष्टी लक्षणीय वाटतात. पहिली अशी की, नामदेवांची तक्रार मुळात अवाजवी नव्हती. घरी आलेल्या पाहुण्याच्या डोक्यावर थापटणे मारणे हे कोणत्या शिष्टाचारात बसते? निमूट बसलेल्यांना कथेने पक्के ठरवले. पण सहन करणे म्हणजेच परिपक्वता, हे समीकरण तपासून घ्यावे असे आहे, आणि त्याकडे पुढे यावयाचे आहे. दुसरी गोष्ट अशी की, निर्वाळा ऐकून नामदेव आधी चिडले, दुखावले, गाऱ्हाणे घेऊन विठ्ठलापाशी गेले, आणि त्यानंतर शिकायला निघाले. आत्मविकासाच्या आजच्या पुस्तकांत हा मधला टप्पा गाळलेला असतो. तेथे माणूस टीका ऐकताच कृतज्ञ होतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विसोबांच्या भेटीनंतरचे नामदेव निराळे कवी झाले नाहीत. विठ्ठलाशी लडिवाळपणे भांडणारा, हट्ट धरणारा तो स्वर त्यांच्या अभंगांच्या परंपरेत टिकून राहिला. वाढली ती त्याची व्याप्ती. पंजाबपर्यंत गेलेल्या या कवीची एकसष्ट पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. भावनावश होणे हा नामदेवांचा सहजगुण मानला, तर तो त्यांनी टाकून दिला असे दिसत नाही.

आधुनिक मानसोपचाराच्या परिभाषेत बोलायचे तर येथे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांची आठवण होते. १९५५ च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी सुरू केली. मराठीत किशोर फडके, आनंद नाडकर्णी, अंजली जोशी प्रभृतींच्या लेखनामुळे ती परिचित झाली आहे. माणसाच्या कृतीचे मूल्यमापन जरूर करावे, संपूर्ण माणसाचे करू नये, हा एलिस यांच्या विचाराचा एक गाभा होय. माझे भाषण फसले हे विधान तपासता येते व त्यावर उपाय करता येतो. मी फसलेला माणूस आहे हे विधान तपासताच येत नाही. या दृष्टीने पाहिल्यास गोरोबांचा निर्वाळा सदोष ठरेल, कारण त्यांनी रागावण्याच्या एका कृतीवरून अख्खे मडके कच्चे ठरवले. कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांनी 'ऑन बिकमिंग अ पर्सन' (१९६१) या ग्रंथात मांडलेला विरोधाभास तर सर्वश्रुत आहे. माणूस स्वतःला आहे तसा स्वीकारू लागला की त्याच्यात बदल घडू लागतो, असा त्याचा आशय. दोन्ही विचार मोलाचे आहेत. परंतु दोहोंतही खोलीत दोनच माणसे आहेत, उपचारक आणि उपचार घेणारा. गावाची पंचायत, शाळेचा दाखला, खोली भाड्याने देणारा घरमालक तेथे नाही. मराठी साहित्यात मात्र ही सारी मंडळी हजर आहेत, आणि म्हणूनच ते या प्रश्नाची अधिक अवघड बाजू दाखवू शकते.

'कोसला' (१९६३) या कादंबरीची चर्चा सामान्यतः अस्तित्ववाद आणि परात्मता या अंगाने झाली आहे. ती चर्चा योग्यच आहे, पण पांडुरंग सांगवीकर पुण्यात पहिली काही वर्षे नेमके काय करतो याकडे तीत दुर्लक्ष होते. खेड्यातून आलेला हा मुलगा स्वतःचा विकास करण्याचा चंगच बांधतो. वादविवाद, वसतिगृहातील मेस, नाटक अशा महाविद्यालयीन जीवनाच्या सर्व क्षेत्रांत तो उडी घेतो, मित्र जोडतो, वडिलांचे पैसे खर्च करतो. आजच्या कोणत्याही प्रशिक्षकाने ज्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असा हा विद्यार्थी आहे. आणि याच वाटेने तो कर्जात, बदनामीत आणि शेवटी परीक्षेतील अपयशात जातो. दरम्यान घरी धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरते. त्या मृत्यूपुढे त्याने कमावलेले कोणतेही कौशल्य कामाला येत नाही.

पांडुरंगाच्या निवेदनातील 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' या शब्दांची थट्टा पुष्कळ झाली, अनुकरणही झाले. प्रस्तुत लेखकाला हे शब्द दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे वाटतात. घरची भाषा मागे पडली, पुण्याची अंगवळणी पडली नाही. अशा वेळी प्रत्येक विधानाच्या शेवटी 'वगैरे' जोडले की ते विधान पूर्णपणे आपले ठरत नाही आणि त्याबद्दल कुणी हसण्याची भीती राहत नाही. कादंबरीच्या अखेरीस पांडुरंग सांगवीला परततो. काही समीक्षक या परतण्याला मुळांचा स्वीकार म्हणतात. तसे म्हणणे धाडसाचे होईल. दमलेला माणूस घरी येतो तेव्हा त्याने घर स्वीकारले असे होत नाही. स्वीकार आणि थकवा बाहेरून सारखेच दिसतात; आपल्या वर्गातील गप्प बसणाऱ्या मुलांविषयीही हा घोटाळा होतो.

पांडुरंगाला परतण्यासाठी गाव होते, शेती होती, पैसे पाठवणारे वडील होते. ज्यांना ते नव्हते त्यांच्या आत्मकथनांकडे वळले की प्रश्नाचा सूर बदलतो.

दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाची रचना येथे फार बोलकी आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो आहे, अशी ती रचना. एकाच माणसाची ही दोन नावे. एक जन्मासोबत मिळालेले, दुसरे शिक्षण, नोकरी आणि साहित्य यांच्या वर्तुळात वावरणारे. रूढ अर्थाने पाहिले तर दया हा दगडूचा विकास आहे. पण पुस्तकात बोलतो दगडू, दया ऐकतो. ज्याने सामाजिक कौशल्ये मिळवली त्याच्या वाट्याला श्रोत्याची भूमिका आली आहे, आणि ज्याच्या नावाची लाज वाटावी अशी व्यवस्था समाजाने केली होती त्याच्या हाती निवेदन आहे. ही योजना केवळ क्लृप्ती म्हणून पाहू नये. बदललेल्या माणसाला आपल्या आधीच्या रूपाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकता येते का, ही आत्मविकासाची एक कसोटी त्यातून हाती लागते. दयाला ते ऐकताना त्रास होतो, हेही लेखकाने लपवलेले नाही.

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७, साहित्य अकादमी पुरस्कार १९८८) आपल्या शेजारचे. लातूरजवळच्या धनेगावात ते घडते. ज्या जमातीवर इंग्रजी राजवटीतील १८७१ च्या कायद्यासारख्या कायद्यांनी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तिच्यातील एक मूल शाळेत जाते, एवढीच घटना तिथे केवढे वादळ उठवते हे वाचकाच्या स्मरणात असेल. वस्तीत आजार पसरतो आणि त्याचे खापर लक्ष्मणच्या शाळेवर फुटते. येथे रामदासांच्या भेदाची पुरती उलथापालथ होते. चोरी हा या मुलांचा सहजगुण आहे असे सरकार धरून चालले होते. प्रत्यक्षात ती अत्यंत कष्टाने शिकवलेली आगंतुक विद्या होती. खिसा कसा कापावा, पकडले गेल्यावर नाव कसे सांगू नये, मार खाताना तोंड कसे बंद ठेवावे, याचे शिक्षण मुलांना मारूनच दिले जाई. गोरोबांच्या थापटण्याखाली निमूट बसणे हे पक्केपणाचे लक्षण असेल, तर ही मुले केव्हाच पक्की झाली होती. सोसण्याला परिपक्वता म्हणण्याविषयी वर जी शंका घेतली ती या कारणाने. कोणी कोणासाठी सोसावे आणि मारणाऱ्याचा हेतू काय, हे बाजूला ठेवून सोशिकतेचे मोल ठरवता येत नाही.

शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) तर मुरुमहून फार दूरचे नाही. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर आणि आपला परिसर यांच्यात जिल्ह्याची हद्द आड येते, पण बोली, कानडीचा शेजार, पाटलाचा वाडा आणि वेशीबाहेरची वस्ती ही मांडणी एकच. आई मसामाय महार, वडील लिंगायत पाटील, आजी संतामाय आणि तिच्यासोबत राहणारा, या नातवावर माया करणारा मुसलमान दादा, अशा घरात वाढलेल्या मुलापुढे 'मी कोण' हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा म्हणून येत नाही. शाळेत वडिलांचे नाव काय लावायचे, या रूपाने तो येतो. पुढे शिक्षण होते, नोकरी लागते, पोशाख आणि भाषा बदलते. आणि नोकरीच्या गावी खोली शोधताना जात विचारली जाते. म्हणजे सर्व आगंतुक गुण कमावून झाल्यावरही दार उघडेल याची हमी नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत या प्रसंगाला प्रकरण नाही.

या पुस्तकाच्या शीर्षकापाशी थोडे थांबावे लागेल. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा मासे भरणारे ते अक्करमाशी. एका माशाने उणे. विवाहबाह्य संततीसाठी ही शिवी वापरली गेली. लिंबाळ्यांनी ती शिवी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लावली. याला आत्मस्वीकार म्हणावे काय? जो उणा आहे त्याने आपले उणेपण कबूल केले, असा अर्थ घेतला तर पुस्तकावर अन्याय होतो. मला तोलणारा तराजू कुणाचा आहे, तो नीट पाहा, असे ते शीर्षक म्हणते. या आत्मकथनात लेखक स्वतःवरही आसूड ओढतो. आईविषयीचा राग, स्वतःविषयीची घृणा तो झाकत नाही, आणि मधूनमधून हा आत्मक्लेश इतका वाढतो की वाचकाला गुदमरायला होते. कलाकृती म्हणून ही त्याची मर्यादा मानता येईल. पण जिथे प्रत्येक मोजमाप दुसऱ्याच्या हातात आहे तिथे संतुलित आत्मस्वीकाराची अपेक्षा वाचकाने कोणत्या हक्काने करावी?

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. उणेपण समाजाने लादलेले असेल, तर स्वतःला बदलण्याचा प्रत्येक प्रयत्न हा त्या समाजापुढे घातलेले लोटांगण ठरणार काय? बोली सोडणे, पोशाख बदलणे, चारचौघांत वावरण्याची रीत शिकणे ही शरणागतीच होय काय? या आक्षेपाला उत्तर कुठे असेल तर ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महाड येथील कार्यात आहे. मार्च १९२७ च्या परिषदेत मृत मांस सोडण्याचे आवाहन झाले. डिसेंबर १९२७ मध्ये तेथेच महिलांसमोर बोलताना बाबासाहेबांनी लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरील दागिन्यांची ठेवण बदलण्याचा आग्रह धरला. वरवर पाहता हा शुद्ध 'व्यक्तिमत्त्व विकास' आहे. वेशभूषा, स्वच्छता, राहणी. परंतु त्यामागचा तर्क उलट दिशेचा होता. ज्या नेसण्यावरून, ज्या दागिन्यांवरून दुरूनच जात ओळखली जाई, ती खूण पुसायची होती. तुमच्यात काही कमी आहे म्हणून बदला असे त्यांनी म्हटले नाही. तुम्ही पूर्ण माणसे आहात, तेव्हा अपूर्णत्वाची ही निशाणी अंगावर का बाळगता, असा तो सवाल होता. स्वाभिमान आधी आणि बदल त्यापोटी, असा येथील क्रम आहे. दुपारच्या सत्रातील आपला वक्ता नेमका हा क्रम उलटा लावतो. आधी बदला, मग आत्मविश्वास येईल, असे तो सांगतो. क्रम उलटला की तेच लुगडे, तीच भाषा, तेच हस्तांदोलन एका ठिकाणी मुक्तीचे आणि दुसऱ्या ठिकाणी लाजेचे साधन होते.

आता आपल्या परिसराविषयी. मुरुम आणि उमरगा तालुक्याचा हा पट्टा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दरबारची व कचेरीची भाषा उर्दू, घरची मराठी किंवा कानडी, आणि १९६० नंतर वर्गात आलेली पाठ्यपुस्तकी प्रमाण मराठी. तीन पिढ्यांत तीनदा येथील माणसाला सांगितले गेले की तुझ्या तोंडची भाषा कामाची नाही. 'काय करलालास', 'कुठं जाऊलालास' असे बोलणारा मुलगा पुण्या-मुंबईत हास्याचा विषय होतो, हे त्याला जाण्यापूर्वीच ठाऊक असते. ही बोली त्याचा सहजगुण मानावा की अवगुण? ती टाकावी की जपावी? आपल्यापैकी बहुतेक जण या प्रश्नाचे उत्तर भाषाविज्ञानाच्या तासाला एक देतात आणि सेमिनारच्या दिवशी दुसरे.

प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नाही. काही वर्षांपूर्वी पदवीच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने सेमिनारमध्ये बोलायला सुरुवात करताच दुसऱ्या वाक्यात 'करलालेत' असा प्रयोग केला. मी तो तिथल्या तिथे दुरुस्त केला. हेतू चांगला होता. पुढे मुलाखतीला उभे राहायचे आहे, तेव्हा आताच सवय व्हावी. वर्ग हसला. त्या विद्यार्थ्याने सेमिनार कागदावरून वाचून संपवला आणि उरलेल्या वर्षभरात तो वर्गात स्वतःहून एकदाही बोलला नाही. परीक्षेत त्याला चांगले गुण मिळाले. उत्तरपत्रिकेतील त्याची भाषा निर्दोष होती. कृतीवर टीका करावी, माणसावर नको, हे सूत्र मला माहीत होते आणि मी कृतीच दुरुस्त केली होती. भाषा ही सुटी कृती नसते, तिच्याबरोबर आई, आजी, गल्ली अशी सगळी माणसे दुरुस्त होतात, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले नाही. तुला दोन भाषा येतात आणि आज या खोलीत दुसरी वापरून पाहू, असे मी म्हणू शकलो असतो. एका भाषेच्या जागी दुसरी बसवणे आणि एकीच्या शेजारी दुसरी ठेवणे यांत फरक आहे. दया पवारांच्या पुस्तकातील दगडू आणि दया एकाच टेबलाशी बसले आहेत, हे शिकवताना मी अनेकदा सांगितले होते.

त्यानंतरच्या एका तुकडीला गोरोबा-नामदेवांची कथा शिकवत होतो. कच्चे मडके म्हणजे उणेपण, असे विवेचन चालू असताना मागच्या बाकावरून एक मुलगा मध्येच बोलला. कुंभारकाम करणाऱ्या घरातला होता. त्याचे म्हणणे असे की, न भाजलेले मडके पाण्यात टाकले तर पुन्हा चिखल होतो आणि पुन्हा चाकावर घेता येतो. आव्यातून वाकडे निघालेले भाजके मडके मात्र कशाच्याच उपयोगाचे नाही, त्याची खापरेच होतात. कच्चे असणे हा कमीपणा नसून अजून काही होण्याची सोय आहे, असा त्याचा मथितार्थ होता. सांगताना त्याच्या क्रियापदांत 'लालंय' आणि 'न्हाई' मनमोकळेपणाने येत होते. मी मध्ये बोललो नाही. वर्गही हसला नाही. का हसला नाही हे सांगता येणार नाही. एवढी वर्षे ही कथा शिकवत असूनही हा मुद्दा माझ्या वाचनात किंवा कीर्तनात कुठे आला नव्हता.

सत्राच्या अखेरीस अंतर्गत मूल्यमापनाचा तक्ता भरायचा होता. त्यात 'भाषा व सादरीकरण' असा दहा गुणांचा एक रकाना असतो. त्या मुलाच्या नावापुढे मी आठ लिहिले. उरलेले दोन कशासाठी कापले, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.